मरणाचा आकडा भरण्याआधी आमचे चौक पाहा

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, भंडारा.

विषय : वस्त्यांमधल्या लहान चौकांत पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेबाबत.

महोदय,



राष्ट्रीय महामार्गाचा एखादा तुकडा ‘अपघातप्रवण स्थळ’ म्हणजे ब्लॅक स्पॉट केव्हा ठरतो, हे आपण जाणताच. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात व्हावे लागतात, नाहीतर १० माणसे दगावावी लागतात. त्यानंतर पाहणी होते, अंदाजपत्रक बनते, निधी येतो. महामार्गासाठी हा हिशेब काही कामाचा असेल. पण भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या शहरांतल्या आणि मोहाडी, लाखनी, लाखांदूरच्या वस्त्यांमधल्या चौकांना हे माप लावले, तर त्यांची पाळी कधीच येणार नाही. तिथे एकाच वेळी पाच माणसे मरत नाहीत. तिथे एका म्हातारीचे खुब्याचे हाड मोडते आणि ती पुन्हा उभी राहत नाही. शाळेतून परतणाऱ्या मुलाच्या पायावरून चाक जाते, एखादी बाई दुचाकीच्या धक्क्याने नालीत पडते. घरचे लोक तिला खाजगी दवाखान्यात नेतात, दुचाकीवाला ओळखीचा निघतो, दोन-चार हजारांवर मिटवामिटव होते. पोलिसांत नोंद होत नाही. म्हणून ई-डार या अपघातांच्या नोंदप्रणालीतही ती येत नाही. कागदावर तो चौक सुरक्षितच राहतो.

हे पत्र त्या चौकांसाठी आहे. मोठ्या चौकांवर वर्तमानपत्रे लिहितात, पुढारी बोलतात, आंदोलने होतात. त्रिमूर्ती चौकाचे किंवा महामार्गावरच्या फाट्यांचे दुखणे सर्वांना दिसते. खात रोडच्या आतल्या गल्ल्या जिथे मिळतात तिथले, तकिया वॉर्डातले, तुमसरच्या बाजारामागच्या तिठ्यांवरचे दुखणे कुणाच्या अजेंड्यावर नसते. आणि आपल्या जिल्ह्यातली माणसे पायी सर्वाधिक चालतात ती इथेच.

देशाचा आकडा पाहा. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दर पाचांत जवळपास एक. ही माणसे कोणत्याही गाडीत नव्हती, कोणाला ओव्हरटेक करत नव्हती. ती दुकानात, दवाखान्यात, शाळेत, देवळात, बसस्टँडवर निघाली होती.

आता आमच्या वॉर्डातल्या एका चौकाचे वर्णन करतो. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असे चौक जिल्ह्यातल्या प्रत्येक शहरात आहेत. चार रस्ते एकत्र येतात. एका कोपऱ्यावर पानठेला आणि त्यापुढे उभ्या दुचाकी. दुसऱ्या कोपऱ्यावर विजेची डीपी आणि तिच्या कुंपणाला टेकून ठेवलेला नालीचा तुटका ढापा. तिसऱ्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी घराचे बांधकाम, म्हणून गिट्टी आणि रेतीचा ढीग. चौथ्यावर किराणा दुकान आणि त्याच्यासमोर माल उतरवत उभा असलेला छोटा हत्ती. सिमेंटचा रस्ता दोनदा झाला, दोन्ही वेळा जुन्यावर नवा थर चढला, त्यामुळे रस्ता घरांच्या ओट्यांपेक्षा उंच झाला आणि कडेला वीतभर खोल पायरी तयार झाली. दिव्याचा खांब आहे, पण चौकापासून वीसेक पावले आत. त्याचा उजेड चौकात पोचत नाही.

संध्याकाळी शिकवणी सुटली की एक आजी नातवाला घेऊन इथून रस्ता ओलांडतात. त्यांना डावीकडून येणारी गाडी दिसत नाही, कारण मध्ये छोटा हत्ती उभा आहे. म्हणून त्या दोन पावले पुढे सरकतात आणि मान काढून पाहतात. म्हणजे गाडी येते की नाही हे कळण्याआधीच त्यांचे अर्धे शरीर रस्त्यावर आलेले असते. एका हाताने त्यांनी नातवाच्या दप्तराचा बंद घट्ट धरलेला असतो. “थांब बाबू, गाडी येऊन रायली,” असे त्या म्हणतात आणि पोराला मागे ओढतात. पोरगा पाठीमागच्या त्या पायरीवरून घसरतो. दुचाकीवाला हॉर्न वाजवत निघून जातो, वेग कमी करत नाही. त्याला वाटते, हॉर्न वाजवला म्हणजे आपले कर्तव्य झाले.

इथे थोडा हिशेब मांडतो. रस्ता १० मीटर रुंद धरा. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत आहे. तशा चालीने तो आठ-साडेआठ सेकंदांत पलीकडे पोचेल. पण गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला पाऊण मीटरच चालतात, त्यांना तेरा सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटर वेगाची दुचाकी सेकंदाला ११ मीटर जाते. तेरा सेकंदांत ती जवळपास दीडशे मीटर कापते. याचा अर्थ, आजींनी सुरक्षितपणे पलीकडे जायचे तर त्यांना दीडशे मीटर लांबची गाडी दिसायला हवी. आमच्या चौकात त्यांना पंधरा मीटरही दिसत नाही. यात ना आजींची चूक आहे, ना नशिबाचा भाग आहे. हा रचनेचा दोष आहे आणि तो दुरुस्त करता येतो.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती : चौकांचे कोपरे मोकळे करा. प्रत्येक कोपऱ्यापासून काही मीटरपर्यंत कोणतीही गाडी, ठेला, फलक, बांधकामाचे साहित्य राहू नये. मी काही नवा नियम मागत नाही. २०१७ च्या वाहनचालन विनियमांमध्ये चौकाजवळ, वळणावर, पादचारी पट्ट्यांवर आणि फूटपाथवर गाडी उभी करायला मनाई आहेच. फक्त ती जमिनीवर दिसत नाही. कोपऱ्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा मारला, चार खुंट रोवले आणि महिनाभर वाहतूक पोलिसांनी लक्ष ठेवले, तर ती दिसू लागेल. ठेलेवाल्याला हुसकावून लावा असे मी म्हणत नाही. त्याचे पोट त्या जागेवर आहे. त्याला दहा पावले आत, नजर न अडवणारी जागा आखून द्या. तो आनंदाने जाईल, कारण गिऱ्हाईक त्याच्या ठेल्यापाशीही धक्के खातच उभे असते.

एवढ्याशा गोष्टीने काय होते, हे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या होबोकन गावाने दाखवले आहे. वस्ती सुमारे ६० हजार, म्हणजे २०११ च्या जनगणनेत ९१ हजारांच्या पुढे गेलेल्या आपल्या भंडारा शहराहून लहान. दाट वस्ती, अरुंद रस्ते, गाड्या लावायला जागा नाही, सगळे आपल्यासारखेच. तिथल्या पालिकेने रस्ते दुरुस्त करताना एकेका चौकाचे कोपरे मोकळे करत नेले. कुठे रंग आणि प्लास्टिकचे खुंट, कुठे पुढे आणलेला फूटपाथ, कुठे फुलांची कुंडी किंवा सायकली लावण्याचा स्टँड. २०२२ मध्ये गावातली वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर केली. २०१७ पासून सलग सात वर्षे त्या गावाच्या रस्त्यांवर एकही माणूस अपघातात मेला नाही. तिथे ना उड्डाणपूल बांधले, ना भुयारी मार्ग.

दुसरी गोष्ट गतिरोधकांची. आपल्याकडे गतिरोधक अपघातानंतर येतो. पोरगा गेला की लोक रस्त्यावर बसतात, टायर जाळतात, आणि दुसऱ्या दिवशी घाईघाईत सिमेंटचा उंचवटा उभा राहतो. त्याला ना रंग, ना फलक, ना माप. रात्री दुचाकीवाला त्याच्यावरून उडतो, गरोदर बाईला घेऊन जाणारी रुग्णवाहिका आदळते, आणि काही महिन्यांनी कोणीतरी तो अर्धा फोडून टाकतो, म्हणजे सगळ्या दुचाकी त्या फटीतून, म्हणजे नेमक्या पायी चालणाऱ्याच्या कडेने जाऊ लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या संहितेत गतिरोधकाचे माप स्पष्ट आहे : ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, गोलाईची त्रिज्या १७ मीटर, जेणेकरून गाडी ताशी २५ किलोमीटरने सुरक्षित पार होईल. त्यावर पांढरे-काळे पट्टे हवेत, आधी सूचनाफलक हवा. जिल्ह्यातल्या बेमाप गतिरोधकांची एकदा पाहणी करा. जे चुकीचे आहेत ते खरवडून योग्य मापाचे बनवा. शाळांसमोर तर त्यापुढे जाऊन संपूर्ण ओलांडण्याची जागाच फूटपाथच्या पातळीवर उंच करा, म्हणजे मूल खाली उतरणार नाही, गाडीला वर चढावे लागेल.

पांढऱ्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. आमच्याकडे झेब्रा क्रॉसिंग एका टोकाला नालीत उतरतात आणि दुसऱ्या टोकाला डिव्हायडरच्या भिंतीला थडकतात. एका पावसाळ्यात रंग धुऊन जातो. थर्मोप्लास्टिकचा रंग महाग वाटतो, पण तो टिकतो. पट्ट्यांच्या अलीकडे थांबण्याची रेषा हवी, दोन्ही टोकांना नालीवर भक्कम ढापे आणि खाली उतरायला उतार हवा. पट्ट्यांवर नेमका दिवा हवा, वीस पावले दूर नको. डिव्हायडरमध्ये माणूस आणि लहान मुलाची सायकल थांबू शकेल एवढी मोकळी जागा ठेवा. आणि चौकाजवळच्या डिव्हायडरमधली उंच झाडे कृपया काढा. शोभेसाठी लावलेल्या त्या झाडांमागे आठ वर्षांचे मूल पूर्ण झाकले जाते, चालकाला ते रस्त्यावर आल्यावरच दिसते.

महामार्गाविषयी बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. जुना सहा क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग आपल्या जिल्ह्याच्या पोटातून जातो. भंडारा शहर वर्षानुवर्षे त्याच्या दोन्ही बाजूंना वाटले गेले. साकोलीत आणि लाखनीत वाहतूक उड्डाणपुलावरून गेली, हे चांगले झाले. पण पुलाखालचा सर्व्हिस रोड आणि त्याला मिळणाऱ्या गल्ल्या यांचा विचार पायी माणसाच्या नजरेने झालेला नाही. पुलाच्या खांबांमागून माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला आणि चालकाला एकमेकांचे दर्शन अगदी शेवटच्या क्षणी होते. भंडाऱ्यातली जड वाहने बायपासने बाहेर गेली की शहरातल्या जुन्या महामार्गाचा रुंद पट्टा मोकळा मिळतो. मोकळा रुंद रस्ता मिळाला की वेग वाढतो, हे लक्षात घ्यावे. तो पट्टा पुन्हा शहराचा रस्ता म्हणून आखून घ्या : रुंद फूटपाथ, अरुंद मार्गिका, ओलांडायला जवळजवळ जागा. ही संधी एकदाच येते, नंतर त्या जागेवर पार्किंग आणि टपऱ्या बसल्या की कोणालाच काही करता येणार नाही.

आपल्या जिल्ह्याचे काही खास दिवस असतात, त्यांचीही नोंद व्हावी. दिवाळीत धान निघते तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना अंधारात धावतात. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. बाया-माणसे, लेकरे रात्री नाटक पाहून घोळक्याने रस्त्याने पायी घरी जातात. त्याच रात्री त्याच रस्त्यांवरून रेतीचे टिप्परही धावत असतात. मंडईचे वेळापत्रक गावाला महिनाभर आधी माहीत असते. ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि बांधकाम विभाग यांनी त्या रात्रीपुरता फाट्यावर दिवा, वेग कमी करण्याचे तात्पुरते अडथळे आणि दोन होमगार्ड एवढी तजवीज केली तरी पुरे. आणि टिप्परांना त्या रात्री वस्तीतून जाऊ देऊ नका.

आपल्याला वाटेल, हे सगळे करण्याची सक्ती कुठे आहे. आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा, अडथळे नसलेला फूटपाथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला न्यायालयाने राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ (१ए) आणि २१०-डी खाली पादचाऱ्यांसाठी आणि रस्त्यांच्या रचनेसाठी सहा महिन्यांत नियम करण्याचा आदेश दिला. देशातल्या ५० मोठ्या शहरांनी फूटपाथ आणि ओलांडण्याच्या जागांची तपासणी करावी, असेही त्यात आहे. भंडारा त्या ५० मध्ये नाही. लहान शहरांनी त्या यादीबाहेर आहोत म्हणून गप्प बसावे, असा मात्र त्या आदेशाचा अर्थ नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १९८-ए आहे : रस्त्याच्या रचनेत, बांधकामात किंवा देखभालीत ठरलेले मापदंड पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कलमाची गरज पडू नये, हीच इच्छा.

खरी अडचण कायद्याची नाही, हद्दीची आहे. रस्ता एका खात्याचा, नाली दुसऱ्याची, दिवा नगर परिषदेचा, खांब वीज कंपनीचा, दंड करायचा पोलिसांनी, परवाना द्यायचा आरटीओने. नागरिक अर्ज घेऊन एका टेबलावर गेला की त्याला दुसरीकडचा पत्ता मिळतो. ही सगळी खाती एकाच टेबलाभोवती ज्या ठिकाणी बसतात ती जागा म्हणजे आपली समिती. जिल्ह्यात दुसरी अशी जागा नाही. म्हणून हे पत्र एखाद्या खात्याला न लिहिता आपल्याला लिहिले.

चालकांनाही दोन शब्द सांगायला हवेत. समोर पादचारी पट्ट्यांवर माणूस असेल तर थांबणे हा नियम आहे, मेहरबानी नाही. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात दुचाकी देणाऱ्या पालकांना कलम १९९-ए खाली २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळा आणि शिकवणी वर्गांच्या वेळेला हे कलम वापरा. पण केवळ दंडाने भागणार नाही. रुंद, सरळ, अंधारा चौक चालकाला वेगाने जा असेच सांगतो. चौकाची रचना बदलली की बहुतेक चालक आपोआप हळू होतात, आणि उरलेल्यांसाठी पोलीस पुरतात.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांच्या ठिकाणी प्रत्येकी तीन लहान चौक निवडा. निवडताना केवळ पोलिसांच्या नोंदी पाहू नका. त्या वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, आशा सेविकेला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा. कुठे कोण पडते, कुठे रोज थोडक्यात वाचतात, हे त्यांना तोंडपाठ आहे. मग त्या चौकांत रंग, खुंट आणि वाळूच्या पोत्यांनी तात्पुरता बदल करून तीन महिने पाहा. लोकांना काय जमते, ट्रॅक्टर कुठे अडकतो, बस वळते की नाही, हे कळेल. जे टिकेल ते पक्के करा, जे जमणार नाही ते काढून टाका. एवढ्या कामाचा खर्च एका सिमेंट रस्त्याच्या थरापेक्षा नक्कीच कमी असेल, आणि जिल्हा नियोजनाच्या निधीत तो बसवता येईल. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केले. मोठ्या शहराला जे कागदावर आणायला जमले, ते लहान शहराला जमिनीवर आणणे जास्त सोपे आहे, कारण इथे चौक कमी आहेत आणि माणसे एकमेकांना ओळखतात.

आणि एक विनंती, जी खर्चाची नाही. बैठकीआधी समितीतल्या प्रत्येक सदस्याने संध्याकाळी सहाच्या सुमारास एखाद्या वस्तीतल्या चौकात एकट्याने, पोलीस गाडी न नेता, पायी रस्ता ओलांडावा. शक्य असल्यास सोबत घरातले वृद्ध माणूस किंवा लहान मूल घ्यावे. त्यानंतर अहवालात जे लिहायचे ते आपोआप सुचेल.

समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘वस्तीतील चौक व पादचारी सुरक्षा’ हा विषय घ्यावा, निवडलेल्या एकवीस चौकांची यादी आणि प्रत्येक चौकाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम इतिवृत्तात लिहावे, आणि ते इतिवृत्त नगर परिषदेच्या व नगर पंचायतीच्या सूचनाफलकावर लावावे, ही आग्रहाची विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
भंडारा शहरातील एक पायी चालणारा नागरिक